पाकिटावरचं नाव



आज आम्ही हप्त्याचं, व्याजाचं किंवा बँकेच्या कागदांचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे गाण्याचं, कवितेचं, गोष्टीचं. आपण रचलेलं, लिहिलेलं मासिकाला किंवा स्पर्धेला पाठवायचं कसं, आणि आपल्या आधीच्या बायांचं लेखन छापखान्यापर्यंत कसं पोचलं, कुठं अडलं, याचा थोडा इतिहास सांगायचा आहे.

विषय निघाला तो आमच्या गटातल्या एका आजींमुळे. वय सत्तरीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण कापूस वेचताना त्या जे गाणं म्हणतात ते त्यांचं स्वतःचं असतं. काट्यावर कापूस कसा हलका भरतो, चुकारे घेऊन आलेला मालक घरी पोचेपर्यंत खिसा कसा रिकामा होतो, अशी त्यांची कडवी. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आमच्या बायांनी ते गाणं म्हटलं. नंतर त्या कार्यक्रमाची स्मरणिका निघाली. गाणं छापलं होतं, शब्दही बरोबर होते. खाली लिहिलं होतं, ‘पारंपरिक गीत’.

आजींना आम्ही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पारंपरिक म्हणजे कोन वं?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. कुणी मुद्दाम केलं असंही नव्हतं. बाई अडाणी, गाणं वऱ्हाडी, म्हणजे ते कुणाचंच नसणार, असं कुणीतरी सहज धरून चाललं. त्या दिवशी आम्ही ठरवलं, हे गाणं आता नावानिशी पाठवायचं. तेव्हा आजींचा दुसरा प्रश्न आला, “मले कोन छापते?” मग आम्ही जुनं वाचायला घेतलं. याआधी कुणाकुणाला छापलं आणि कुणाला नाही, ते पाहिलं.

सुरुवात करू १८५५ पासून. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. तिने एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला गेला. निबंधात तिने थेट विचारलं, की वेद ज्यांचे आहेत ते ब्राह्मण आम्हाला वेद पाहू देत नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता? एवढ्या लहान मुलीचा एवढा मोठा प्रश्न छापून आला, आणि तिच्या नावानं आला.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, आपल्याकडे टपालाचा नवा कायदा झाला. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात जाऊ लागलं, मग गाव जवळ असो की दूर. त्याआधी अंतराप्रमाणे पैसे पडत. म्हणजे गावात बसलेल्या माणसाने शहरातल्या मासिकाला काही लिहून पाठवायचं, ही गोष्ट तेव्हापासून परवडण्यासारखी झाली. पण परवडली कुणाला? ज्याला लिहिता येत होतं त्याला. मुक्ताला शाळा मिळाली म्हणून तिचा निबंध पोचला. तिच्या वयाच्या बाकीच्या मुलींना तिकीट स्वस्त झालं काय आणि महाग झालं काय, सारखंच होतं. मुक्ताचंही त्यानंतरचं दुसरं लेखन आज आपल्याला वाचायला मिळत नाही.

दुसरी बाई आपल्या वऱ्हाडातली, बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेचा खटला गाजत होता. गर्भ राहिला, लोकांना कळेल या भीतीने तिने जन्मलेलं मूल मारलं, आणि तिला शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेणं सुरू झालं. बुलढाण्यात बसून ताराबाई ते वाचत होत्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते, त्यांनी मुलीला शिकवलं होतं. ताराबाईंनी वर्तमानपत्राला चार ओळींचं पत्र पाठवलं नाही. त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, ‘स्त्रीपुरुषतुलना’. १८८२ साली ते पुण्यात छापून निघालं. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल. भाषा अशी, की आजही वाचताना अंगावर येते.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुढे ते पहिलं पुस्तकही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा आपल्याला कळलं की बुलढाण्यात अशी एक बाई होऊन गेली. मधे ९३ वर्षं गेली. आमच्या मनात येतं, ताराबाईंच्या पाठीशी एखादं मासिक असतं, लिहा, आम्ही छापतो असं म्हणणारा एखादा संपादक असता, तर त्यांनी आणखी काय काय लिहिलं असतं?

आता जळगावला जाऊ. १८८७ साली जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ नावाचं मासिक सुरू केलं. केवळ कवितेला वाहिलेलं मासिक. ते १९३५ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षं चाललं. महाराष्ट्रभरातून कवी आपल्या कविता टपालाने जळगावला पाठवत. १९०७ साली जळगावात कवींचं संमेलन भरलं. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांनी तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं. तेच नाव कायमचं झालं.

त्याच जळगावात त्या वेळी २७ वर्षांची एक शेतकरी बाई राहत होती. जवळच्या आसोद्याची लेक, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आलेली. घरात जात्यावर बसली की आणि शेतात हात चालू लागले की तिला गाणी सुचत. ती बाई म्हणजे बहिणाबाई. काव्यरत्नावली सुरू झालं तेव्हा त्या ७ वर्षांच्या होत्या, बंद पडलं तेव्हा ५५ वर्षांच्या. साऱ्या महाराष्ट्राची कविता त्यांच्या गावात येत होती. त्यांची मात्र गावातल्या गावात त्या मासिकाच्या दारापर्यंत पोचली नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं.

मुलगा सोपानदेव स्वतः कवी झाला. त्याने आणि पितांबर चौधरी या मावसभावाने आईची गाणी जमेल तशी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे भारावून गेले, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आज शाळेतलं प्रत्येक लेकरू त्यांचं नाव जाणतं. पण स्वतःचं नाव छापलेलं पुस्तक काही त्यांनी हातात धरलं नाही. मैत्रिणींनो, मुलगा कवी होता म्हणून ही वही वाचली. ज्यांचा मुलगा कवी नव्हता, अशा किती बाया खानदेशात, वऱ्हाडात होऊन गेल्या असतील? त्यांची गाणी ‘पारंपरिक’ झाली.

आता दिवाळी अंकांकडे वळू. मुंबईत काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ सुरू केलं. त्यांचं मूळ आडनाव आजगावकर. बंगाली साहित्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतलं. १९०९ साली त्यांनी दिवाळीचा खास अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून तो ओळखला जातो. तेव्हापासून दिवाळीला फराळासोबत अंक ही आपल्याकडे रीतच पडली. नवा लिहिणारा पहिल्यांदा छापून येतो तो बहुधा कुठल्यातरी दिवाळी अंकातच.

पण या रिवाजात आपल्या जिल्ह्यातल्या बाईसाठी एक अडचण आहे. दिवाळी अंकांसाठी लेखन मागवतात ते साधारण जून ते ऑगस्टमध्ये. आपल्याकडे तेव्हा काय चाललेलं असतं? पेरणी. सरकी टोबणं, मग निंदण, डवरणीमागे फिरणं, खत देणं. बाई पहाटे उठते ती अंधार पडल्यावरच टेकते. दिवाळीत अंक बाजारात येतो तेव्हा ती कापसाच्या वेचणीला असते. निसर्गाचं आणि छापखान्याचं वेळापत्रक कधी जुळलंच नाही. म्हणून आम्ही आमच्या गटात सांगतो, की दिवाळी अंकाचं लिहायचं असेल तर उन्हाळ्यात लिहून ठेवा, मे महिन्यात नीट उतरवून घ्या. पाऊस पडला की वही उघडणार नाही.

नावाचा प्रश्न तर लिहिता येणाऱ्या बायांनाही सुटला नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला. लेखिकेचं नाव, विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात मोकळेपणाने लिहिलं होतं. केवढा गहजब झाला! ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. निषेधाच्या सभा झाल्या. प्रत्यक्षात त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्यांनी खरं नाव टाकलं असतं तर त्यांना गावात वावरणं कठीण झालं असतं. बहिणाबाईंच्या गाण्यांना आयुष्यभर वही मिळाली नाही, बाळूताईंनी आपलं नाव स्वतःहून झाकलं. दोन्हींत फरक आहे. टोपणनाव घेणं ही लिहिणारीची निवड असते. दुसऱ्याने नाव गाळणं ही तिच्यावरची गैरसोय नव्हे, तिचं नुकसान असतं.

याच सुमाराला बायकांसाठी वेगळी मासिकं निघाली. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. शहरातल्याच नाही, तालुक्याच्या गावातल्या शिक्षिका, नर्सबाई, घर सांभाळणाऱ्या बायका त्यात लिहू लागल्या. पुढे ‘स्त्री’चं संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं आणि ज्यांनी कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या अशाही बायांना लिहितं केलं.

‘स्त्री’ मासिकाशीच जोडलेली एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. फलटणच्या बेबीताई कांबळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारावर वाढलेल्या. नवरा-बायकोनं मिळून छोटं दुकान चालवलेलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत आणि लिहिलेले कागद लपवून ठेवत. नवऱ्याला कळू दिलं नाही. असं जवळजवळ वीस वर्षं. अमेरिकेतून येऊन फलटणमध्ये राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंना त्यांनी ते दाखवलं, त्यांनी प्रोत्साहन दिलं, आणि १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः येऊ लागलं. पुढे १९८६ मध्ये पुस्तक झालं, ‘जिणं आमुचं’. दलित स्त्रीच्या आत्मकथनांत ते पहिल्यांपैकी एक. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक ताई उठून म्हणाल्या, “माह्याबी पेटीत आहे एक वही.” आम्ही कुणीच काही बोललो नाही. पुढच्या बैठकीला त्या ती वही घेऊन आल्या.

आता एका शब्दाबद्दल बोलू. लिहिणाऱ्या माणसाला तो फार भितो, आणि लिहिणारा माणूस त्याला. ‘साभार परत.’ पूर्वी मासिकाला कविता किंवा कथा पाठवायची तर पद्धत ठरलेली होती. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, समास सोडायचा, आपला पत्ता घातलेलं आणि तिकीट लावलेलं रिकामं पाकीट सोबत जोडायचं. लेखन पसंत पडलं नाही तर त्याच पाकिटात घालून परत यायचं, सोबत चिठ्ठी, ‘साभार परत’. घरी पोस्टमन आपल्याच अक्षरातलं पाकीट घेऊन आला की वाचायच्या आधीच कळायचं.

‘सत्यकथा’ नावाचं मासिक १९३३ ते १९८२ पर्यंत चाललं. मौजेच्या छापखान्यातून निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. तिथे छापून येणं म्हणजे लेखक म्हणून पास झाल्यासारखं. पण तिथली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हे संपादक नव्या लेखकाला नुसतं परत पाठवत नसत. कथेत काय जमलं, कुठे सैल पडली, शेवट का पटत नाही, असं पत्र लिहून कळवत. लेखक ती पुन्हा लिहून पाठवत. मराठीतल्या कितीतरी चांगल्या कथा अशा परत आलेल्या पाकिटांतून घडल्या.

त्याच ‘सत्यकथे’वर रागही तेवढाच होता. चांगलं काय ते मोजकेच लोक ठरवणार, त्यांच्या मापात बसेल तेच छापणार, असा तरुण लेखकांचा आक्षेप. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मौजेच्या कचेरीसमोर ‘सत्यकथे’चा अंक जाळला. आम्हाला छापत नाही ना, मग आम्हीच छापतो, म्हणून या पोरांनी चक्रमुद्रित करून स्वतःची छोटी छोटी अनियतकालिकं काढली. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाचं पुढे ‘अस्मितादर्श’ झालं आणि त्याने दलित लेखकांची एक पिढी उभी केली. ज्यांचं लेखन इतर ठिकाणाहून परत येत होतं, त्यांना इथे घर मिळालं. याचा अर्थ एवढाच, की एका ठिकाणाहून परत आलं म्हणजे लेखन वाईटच असतं असं नाही. कधी ते खरंच कच्चं असतं, तेव्हा पुन्हा लिहावं. कधी ते चुकीच्या दारात गेलेलं असतं, तेव्हा दार बदलावं. दोन्हींतलं कुठलं, हे विचारायला वाचणारी एखादी मैत्रीण हवी.

आपल्या यवतमाळच्या मातीतही या गोष्टी घडल्या आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे दोनदा भरलं. १९७३ साली अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. दुसरं जानेवारी २०१९ मध्ये, अध्यक्ष अरुणा ढेरे. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. त्यानंतर बाई अध्यक्ष व्हायला १९६१ उजाडावं लागलं, ग्वाल्हेरला. त्या पहिल्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, जन्माने अमरावतीच्या, कथा लिहिणाऱ्या, नागपुरात शिकवलेल्या. म्हणजे ८३ वर्षांनी मिळालेला हा मान आपल्या विदर्भाच्या लेकीला मिळाला.

२०१९ चं संमेलन बऱ्याच जणींना आठवत असेल. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, अनेक लेखक आले नाहीत. मग उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर उभं ठेवणारी शेतकरी बाई. ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं होतं. त्या वादाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. पण ज्या व्यासपीठावर वर्षानुवर्षं आपल्यासारख्या बाया समोरच्या खुर्च्यांवरही दिसत नव्हत्या, तिथे आपल्याच बोलीतली एक बाई उभी राहून बोलली आणि सगळ्यांनी ऐकलं, हे आपण पाहिलं. बोलीचा कमीपणा वाटून घ्यायचं तर मुळीच कारण नाही. आपल्या जिल्ह्यातल्या शंकर बडे यांनी वऱ्हाडी कविता आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ घेऊन गावोगावची माणसं हसवली आणि रडवली. वऱ्हाडीत लिहिलं तर कोण वाचणार, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर पुरेसं आहे.

जिला लिहिता येत नाही तिचं काय, हा आजींचा प्रश्न मात्र अजून उरलाच. त्याचंही उत्तर इतिहासात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांनी एक गोष्ट आवर्जून केली. ओवी कुणी गायली, त्या बाईचं नाव आणि गाव सोबत लिहून ठेवलं. ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी गळा कुणाचा ते नोंदवलं. आमच्या आजींचं गाणं तर पूर्ण त्यांचंच. त्याखाली त्यांचं नाव लिहायला कितीशी शाई लागली असती?

म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही ठरवा.

एक, कुठलंही गाणं, कविता, गोष्ट कुणाला द्यायची तर आधी उतरवून त्याखाली रचणारीचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहायची. लिहिता येत नसेल तर सातवी-आठवीतल्या नातीला बसवायचं. एक प्रत आपल्याजवळ ठेवायची. मोबाइलवरचा फोटो म्हणजे प्रत नव्हे, मोबाइल पाण्यात पडतो.

दोन, मासिकाचे नियम वाचायचे. पूर्वी कुठे छापलेलं चालतं का, एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलेलं चालतं का, किती ओळी, किती शब्द, शेवटची तारीख कोणती. आधी त्या मासिकाचा एखादा अंक वाचायचा. त्यात कथाच येत नसतील तर कथा पाठवून उपयोग नाही.

तीन, स्पर्धेच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहायचं. प्रवेश शुल्क भरा, सगळ्यांना सन्मानचिन्ह, पुस्तकात तुमची कविता, मात्र पाच प्रती विकत घ्याव्या लागतील, असे निरोप आता मोबाइलवर येतात. आमच्या एका ताईंनी मजुरीचे पैसे असे घातले. पुस्तक आलं, त्यात त्यांचंच नाव चुकलेलं. थोडं शुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा वाईट असतात असं नाही. पण परीक्षक कोण, मागच्या वर्षी बक्षीस कुणाला मिळालं, हे विचारावं. सरळ उत्तर मिळालं नाही तर ते पैसे बचतीत टाकावे.

चार, आणि ही आमची आवडती गोष्ट. गटाचं आवक-जावक रजिस्टर असतं ना, त्याच्या शेवटच्या पानांवर आम्ही लेखनाची जावक सुरू केली. कुणाचं, काय, कुठे, कोणत्या तारखेला पाठवलं, आणि उत्तर काय आलं. जशी कर्जाची नोंद तशी कवितेची. तीन महिने उत्तर नाही आलं तर एक पोस्टकार्ड टाकायचं.

या रजिस्टरमधली पहिली नोंद आजींच्या गाण्याची आहे. गेल्या उन्हाळ्यात नातीने ते उतरवलं, आम्ही एका छोट्या मासिकाला पाठवायचं ठरवलं. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव घालायचं, असं आम्ही विचारलं. आजी म्हणाल्या, “पोराचं लिही. पोस्टमन त्यालेच ओयखते.” आम्ही त्यांचंच लिहिलं. त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, तालुका. त्यांनी ते पाकीट हातात धरून पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

श्रावणात पाकीट परत आलं. आत छापील चिठ्ठी होती, साभार परत. पोस्टमननं गावात पहिल्यांदाच आजींच्या नावानं हाक मारली. आम्हाला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. आम्ही चिठ्ठीचा अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, “मंग त्यायनं वाचलं असन न?”

आम्ही म्हटलं, वाचलं असणार.

“मंग दुसऱ्याले पाठवा,” त्या म्हणाल्या, आणि निंदायला गेल्या.

रजिस्टरमध्ये दुसरी नोंद झाली आहे. उत्तराचा रकाना अजून रिकामा आहे. तुमच्या पेटीत, फडताळात, पोथीत दडवून ठेवलेली वही असेल तर या उन्हाळ्यात बाहेर काढा. आम्ही ऐकायला आहोत.